दाण्यांसकट देवयानी

"तुझं कार्ड साफ करून ठेवलंय," मामा म्हणाला आणि मोठे उपकार केल्यासारखा हसला. "चाळीस फोटो झाकण न काढताच काढलेस की. काळेकुट्ट. सगळे उडवले. बावळट म्हणणार नव्हतो, पण आता म्हणतो."

टिटवीच्या खांद्यावरची शाळेची बॅग घसरून थेट फरशीवर आली. डब्याचा आवाज झाला तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"उडवले म्हणजे?"

"उडवले म्हणजे उडवले. वर सकाळपासून त्याच कार्डावर अकरा जणांचे पासपोर्टचे फोटो काढले. का गं, असं तोंड का झालंय?"

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. रात्री जग झोपलं की हिला कंठ फुटतो म्हणून आईने ते ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं, की वर्गशिक्षिकासुद्धा चुकून हजेरीत तेच घ्यायच्या. नववीत होती. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी दुकानात सुटे पैसे परत मागायलाही लाजायची. मग मामाने त्याच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा तिच्या हातात दिला आणि बाईसाहेबांना आकाशाचं वेड लागलं. वेडासोबत आवाजही फुटला. आई म्हणायची, दोन्ही एकदम नको होतं.

"मामा," ती शक्य तितकं हळू बोलली, "झाकण मी विसरले नव्हते. झाकण मुद्दाम लावलं होतं."

मामाने तिच्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. वीस वर्षं फोटो काढून पोट भरलेल्या माणसाला कुणी सांगावं, की झाकण लावूनही फोटो काढतात, तर त्याने काय करावं? त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"सांग. डोक्यावरून जाईल, पण सांग."

टिटवीने सांगितलं. परवा रात्री तिने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून देवयानी दीर्घिकेचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारणीचे, तीनशे फोटो काढले होते, आणि ते तेवढे स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उतरवून झाले होते. प्रत्येक फोटो फक्त तीन सेकंदांचा, कारण त्याहून जास्त वेळ थांबलं की तारे सरकतात आणि त्यांच्या शेवया होतात. एका फोटोत काही म्हणजे काही दिसत नाही, नुसते दाणे. लाल, हिरवे, निळे, कुणी रंगीत मीठ उधळल्यासारखे. पण तीनशे फोटो ताऱ्यांवर तारे बसवून एकावर एक ठेवले आणि सरासरी काढली, की दाणे विरतात आणि आकाश राहतं.

"असं बघ. वर्गात चाळीस मुली एकच कविता म्हणतायत. कुणी या ओळीला खोकते, कुणी त्या ओळीला शिंकते. सगळ्या मिळून म्हणाल्या की खोकला ऐकूच येत नाही, कविता तेवढी ऐकू येते. कळलं?"

"कळलं. मग काळे फोटो कशाला?"

"कारण वर्गात एक अशी असते, जी रोज त्याच ओळीला, त्याच जागी खोकते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर असे शंभर-दोनशे ठिपके आहेत. ते जागचे हलत नाहीत. मी तारे जुळवले की त्या ठिपक्यांच्या रेघा ओढल्या जातात. झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांचे, तेवढ्याच थंडीत फोटो काढले की फक्त त्या खोकणाऱ्या मुलीच हाती लागतात. मग त्यांना वजा करायचं."

मामाने झाकण हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "म्हणजे मी," तो शेवटी म्हणाला, "सगळ्या वर्गातल्या फक्त गुन्हेगारांची यादी फाडून टाकली."

"आणि त्यावर पासपोर्टचे फोटो काढलेस."

खरी पंचाईत पुढे होती. छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन रविवारी उघडणार होतं, वाचनालयाच्या सभागृहात. टिटवीचा फोटो सतरा नंबरवर निवडला गेला होता, तोही महिन्यापूर्वी काढलेल्या एका कच्च्या नमुन्यावर. मंडळात सगळे पन्नाशीच्या पुढचे. एवढ्या लहान मुलीचा फोटो त्यांच्या भिंतीवर पहिल्यांदाच लागणार होता. यादीही छापून झाली होती. पक्का फोटो आज संध्याकाळी सहापर्यंत मामाच्या हातात पडायला हवा होता, कारण मंडळाचे सगळे फोटो मामाच छापायचा. आता दुपारचे दोन वाजले होते, आणि रात्री कितीही गारठा असला तरी आत्ता बाहेर डांबर मऊ होईल असं ऊन होतं.

"तसेच काढ की आता झाकण लावून," मामा म्हणाला.

"थंडी कुठून आणू? गरम सेन्सर जास्त खोकतो. हा कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत स्वतःच्या पोटातलं तापमान लिहून ठेवतो. परवा सोळा-सतरा होतं. आत्ता एकतीस आहे."

 टिटवीने बॅग उचलली. "कॅमेरा दे. आणि ती बटणाची लांब केबलपण."

आई औषधांच्या दुकानातून जेवायला घरी आली, तेव्हा लेक फ्रिजसमोर फरशीवर मांडी घालून बसली होती. फ्रिजचं दार वीतभर उघडं, त्यात भूगोलाचं पुस्तक अडकवलेलं. आत कोबी आणि दुधाच्या भांड्याच्या मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा, आणि दाराच्या रबरातून बाहेर आलेली एक काळी वायर टिटवीच्या हातात.

"मी काही विचारणार नाही," आई म्हणाली. "फक्त दूध नासलं तर उद्या चहा कोणाला नाही, ते तूच ठरव."

"आई, दार लावलं की नऊवर उतरतं. उघडलं की चढतं. मला सोळा हवंय."

हे ऐकताच आईच्या चेहऱ्यावरची गृहिणी गेली आणि दुकानातली बाई आली. तिच्या दुकानात लशींचा वेगळा फ्रिज होता आणि दिवसातून दोनदा त्याचं तापमान वहीत उतरवायचं काम तिचंच. ती खाली बसली. "वरच्या कप्प्यात ठेवलंस म्हणून. तिथे सगळ्यात गार. भाजीच्या खणात घाल. खणाला काच आहे ना वरून, तिथे एवढं चढउतार होत नाही. आणि दार अर्धवट उघडं ठेवू नकोस, मोटर जळेल. थर्मोस्टॅट कमी कर." तिने मिरच्या आणि गाजरं बाहेर काढली आणि जागा करून दिली. "आणि एक ऐक. बाहेर काढलास की पिशवी लगेच उघडायची नाही. गार वस्तूला गरम हवेत घाम फुटतो. अर्धा तास तशीच ठेवायची."

"तुला कसं माहीत?"

"मी काय दुकानात माश्या मारते?"

चार वाजेपर्यंत भाजीच्या खणात पंचेचाळीस काळे फोटो निघाले. पहिले पाच चौदाचे, ते टिटवीने फेकले. उरलेले चाळीस सोळा आणि सतराचे, मोजून. सहाला पाच कमी असताना ती स्टुडिओत धापा टाकत बसली होती, आणि मोठ्या स्क्रीनवर देवयानी उगवत होती.

रेघा गेल्या होत्या. मधोमध दीर्घिकेचा तिरका, लांबट उजेड, आणि त्या उजेडाच्या कडेला एक काळपट पट्टा, धुळीचा. तिच्याजवळ दोन लहान दीर्घिका असतात. एक इतकी चिकटून, की ती ताराच वाटते. दुसरी जराशी दूर, फिकट, पापणीवरच्या धुक्यासारखी. टिटवीने नाक स्क्रीनला टेकवलं.

"हे," ती म्हणाली. "हे पिल्लू. याच्यासाठी सगळं."

"कुठे?" मामाने चष्मा पुसला. "हां. आहे खरं. पण टिटवे, थोडे दाणे आहेत अजून."

"असू देत. ते काढायला गेलो तर पिल्लू जाईल. दोघांची ताकद सारखीच आहे."

मामाने मान हलवली. ती मान टिटवीला होकाराची वाटली.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती धावतच सभागृहात गेली. माणसं शिडीवर चढून खिळे ठोकत होती. सतरा नंबरचा फोटो लागलेला होता. मोठा, काळ्या चौकटीत. लांबून पाहून तिच्या छातीत काहीतरी फुगलं. जवळ जाऊन पाहिलं आणि फुगलेलं सगळं फुस्स झालं.

आकाश काळंभोर, गुळगुळीत, नवीन कढईच्या बुडासारखं. दीर्घिका म्हणजे दुधाचा सांडलेला थेंब. धुळीचा पट्टा नाही. बारीक तारे नाहीत. आणि जिथे पिल्लू असायला हवं, तिथे काही नाही. इतकं व्यवस्थित काही नाही, की तिथे कधी काही होतं असं कुणी म्हणूच शकलं नसतं.

"सुंदर झालाय ना?" मंडळाचे सेक्रेटरी मागे उभे होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीवरची इस्त्रीची घडी पाहून माणसाचं बोट कापेल अशी भीती वाटायची. "मीच तुझ्या मामांना फोन केला. म्हटलं, दाणे काढा, मुलीचा पहिला फोटो आहे, चारचौघांत शोभला पाहिजे."

मामा पलीकडे शिडी धरून उभा होता. त्याने शिडी सोडली नाही, पण मान खाली घातली. "दाणे काढायचा एकच स्लायडर ओढला गं," तो पुटपुटला. "पुरा शंभरवर. वधूच्या चेहऱ्याला ऐंशीपर्यंत नेतो, कुणी कधी तक्रार केली नाही."

"वधूच्या गालावर दीर्घिका नसते, मामा."

शिडीवरचा माणूस हसला. सेक्रेटरी हसले नाहीत.

"काका," टिटवी त्यांच्याकडे वळली, "हा फोटो माझा नाही. यात एक अख्खी दीर्घिका पुसली गेली आहे."

"बाळ, तो डाग होता. मी भिंग लावून पाहिला. आमच्या मंडळाला तीस वर्षं झाली. आमच्या भिंतीवर डाग आणि दाणे लागत नाहीत."

"डाग नव्हता."

"हे तू कशावरून सांगतेस?"

प्रश्न बरोबर होता. टिटवीला तो आवडलासुद्धा, कारण अख्ख्या आठवड्यात कुणी विचारलेला तो पहिला कामाचा प्रश्न होता. "तासाभरात सांगते," ती म्हणाली. "मामा, चल."

"शिडी..."

"शिडीला माणसं आहेत. चल."

 स्टुडिओत पोचल्यावर तिने तीनशे फोटोंचे दोन ढीग केले. पहिले दीडशे एकीकडे, नंतरचे दीडशे दुसरीकडे. दोन्ही ढीग वेगवेगळे जुळवले, वेगवेगळी सरासरी काढली. दोन स्वतंत्र फोटो झाले. दोन्हींत दाणे जास्त होते, निम्मेच फोटो होते ना.

"आता तू बघ," ती मामाला म्हणाली. "मी नाही सांगणार. या फोटोत तुला जिथे जिथे काही आहे असं वाटतं, तिथे बोट ठेव. मग दुसऱ्यात त्याच जागी आहे का बघ."

मामाने बोट ठेवलं. एका दाण्यावर. दुसऱ्या फोटोत तिथे काही नव्हतं. दुसऱ्या दाण्यावर ठेवलं. नव्हतं. पाच-सहा ठिकाणी ठेवलं, सगळीकडे फसला. मग त्या फिकट धुक्यावर ठेवलं. दुसऱ्या फोटोत, नेमकं तिथेच, तेवढंच, तसंच तिरकं धुकं.

तो मागे सरला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"दाणा एकाच खुर्चीवर दोनदा येऊन बसत नाही," टिटवी म्हणाली. "हे बसलंय."

"आणि मी त्याच्यावर बोळा फिरवला," मामा म्हणाला. मग तो कॉम्प्युटरकडे वळला. मशीन सुरू झालं तेव्हा टिटवीला कळलं, की त्याने न सांगता तिचा खरा फोटो छपाईला लावला होता. दाण्यांसकट. चौकटसुद्धा त्याने स्वतः बसवली, आणि काचेवरची बोटांची खूण तीनदा पुसली.

सभागृहात परतल्यावर सेक्रेटरींनी त्या दोन ढिगांचे छापून आणलेले दोन छोटे फोटो शेजारी धरून पाहिले. त्यांनाही दिसलं. त्यांच्या भुवईवरून कळत होतं की दिसलं. पण माणसाला दिसणं आणि माणसाने मान्य करणं यांच्यामध्ये कधीकधी एक कडक इस्त्रीचा शर्ट असतो.

"विज्ञान म्हणून ठीक असेल," ते म्हणाले. "पण हे छायाचित्रांचं प्रदर्शन आहे. लावायचा तर स्वच्छ केलेलाच लागेल. नाहीतर सतरा नंबर रिकामा राहील."

आता ही टिटवी म्हणजे नववीतली पोरगी. तिच्या आजीला, दोन मावश्यांना, वर्गातल्या निम्म्या मुलींना सांगून झालं होतं, की रविवारी या, माझा फोटो लागतोय. एक 'बरं' म्हटलं असतं तर गोष्ट मिटत होती. पिल्लाला कोण विचारतंय? ते अडीच दशलक्ष प्रकाशवर्षं लांब बसलंय, त्याला थोडंच वाईट वाटणार. तिने भिंतीवरच्या त्या गुळगुळीत फोटोकडे पाहिलं. त्याखाली तिचं नाव होतं, छापील, ठळक. आणि तिला एकदम चीड आली, की या खोट्या अंधाराखाली माझं खरं नाव.

"मग रिकामा राहू दे," ती म्हणाली, आणि पायाच्या चवड्यांवर उभी राहून तिने स्वतःच्या हाताने तो फोटो खिळ्यावरून उतरवला.

"टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात," शिडीवरचा माणूस खालच्याला म्हणाला, "पण टिटवीचा मामा मात्र शिडीआड लपतो."  मामाने ऐकलं आणि गिळलं.

त्या रात्री घरी जेवताना आईने एवढंच विचारलं, "आता आजीला नको येऊ म्हणून सांगू?"

"नाही. येऊ दे."

"काय बघायला? खिळा?"

"येऊ दे तू."

रविवारी दहाला सभागृह उघडलं, ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचं होतं. सोळा नंबरवर धबधबा होता, अठरावर नाकात मोती घातलेली म्हातारी. मध्ये सतरावर एक खिळा आणि त्याखाली चिठ्ठी: देवयानी. पुढे तिचं नाव. यादी छापून झाल्यामुळे ती चिठ्ठी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा काढली तर क्रमांक चुकतो म्हणून धजावलं नव्हतं. आणि चिठ्ठीच्या बरोबर शेजारी, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, टिटवी उभी. छातीशी मोठी चौकट धरलेली. शाळेचे बूट, घट्ट बांधलेली वेणी, आणि चेहरा असा, की हिंमत असेल तर मला इथून हलवून दाखवा.

सेक्रेटरी लगबगीने आले. "हे काय चाललंय?"

"तुमच्या भिंतीला मी बोट लावलं नाही, काका. भिंतीवर दाणे चालत नाहीत म्हणालात. हे भिंतीवर नाही."

त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात पाहुणे आत आले आणि पाहुण्यांसमोर मुलीवर ओरडणं त्यांच्या इस्त्रीत बसत नव्हतं.

पहिली बाई आली ती म्हणाली, "अगंबाई, काच पुसायची राहिली का? धूळ बसलीय."

"ती धूळ नाही. थोडे कॅमेऱ्याचे दाणे आहेत, थोडे खरे तारे आहेत. वेगळे कसे ओळखायचे, दाखवू?"

तिने दाखवलं. खिशातून दोन छोटे फोटो काढले आणि बाईंना स्वतः बोट ठेवायला लावलं. बाई पाच वेळा फसली, सहाव्यांदा तिला सापडलं आणि तिने नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने मुलाला बोलावलं. धबधब्यासमोर दोन माणसं होती, म्हातारीसमोर एक, आणि रिकाम्या खिळ्यासमोर रांग. आजी आली, तिने पिल्लू पहिल्याच झटक्यात शोधलं, आणि दोन्ही मावश्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. वर्गातल्या मुलींनी त्याचा खेळ केला, कोण कमी चुकतंय.

पण काच जड असते. बारा वाजेपर्यंत टिटवीचे दंड थरथरायला लागले. तिने चौकट गुडघ्यावर टेकवली, परत उचलली. जमिनीवर ठेवायचा विचार तिने दोनदा केला आणि दोनदा झटकला. सेक्रेटरी पलीकडून बघत होते. त्यांना माहीत होतं की ती दमणार, आणि तिला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

मामा दारातून आत आला तेव्हा सेक्रेटरींनी त्यालाच गाठलं. "बरं झालं आलात. तुमच्या भाचीला जरा समजवा. पुढच्या वर्षीचं छपाईचं कामही आहे, तुम्हाला सांगायला नको."

मामाने ऐकून घेतलं. मामा सगळ्यांचंच ऐकून घ्यायचा. ज्यांना गोरं व्हायचं त्यांना गोरं करायचा, ज्यांना बारीक व्हायचं त्यांना बारीक. मग तो सरळ चालत टिटवीपाशी आला. तिला वाटलं, हा आता चौकट मागणार आणि घरी चल म्हणणार. तिने ती आणखी घट्ट धरली.

"दे इकडे," मामा म्हणाला. "हात मोडतील तुझे. मी धरतो. तू बोल."

तिने दिली. मामाने चौकट छातीशी धरली, पाय फाकवून, जसा तो लग्नात लाइटचा स्टँड धरून तासन्‌तास उभा राहायचा तसा. टिटवीने हात झटकले, बोटांत रक्त खेळू दिलं, आणि खिशातून पुन्हा ते दोन छोटे फोटो काढले.

रांगेतला पुढचा माणूस चौकटीकडे पाहत म्हणाला, "एवढा वेळ धरून उभे आहात, मग भिंतीला लावत का नाही? खिळा तर मोकळाच आहे."

"ते सेक्रेटरींना विचारा," मामा म्हणाला, आणि मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाला. "आम्ही सहा वाजेपर्यंत इथेच आहोत."